त्यांच्या बोलीत मोर

शेवटच्या थांब्यावर बस वळते, तिथं रस्ता संपत नाही,
कुणाला न सांगता वाळूत मिसळतो.
मी एकटीच उतरले, हातात हत्यारांची पेटी.
भरती-ओहोटी मोजणारं धक्क्यावरचं यंत्र
नोव्हेंबरपासून एकच आकडा दाखवत होतं,
जसा काही समुद्रच थांबला होता.

नकाशावर ब्रिटनीचं हे टोक
फ्रान्सनं वेडावून दाखवलेल्या जिभेसारखं.
बार्बा केरेबेलचं घर चर्चच्या मागं.
दारात रबरी बुटांचे दोन जोड, राहणारी एकटीच.
वय चौऱ्याऐंशी. माझं फ्रेंच कामापुरतं,
तिचं शाळेतलं, जपून वापरलेलं,
पाहुण्यांसाठी काढायच्या कपबशीसारखं.

पहिल्या सकाळी तिनं विचारलं, "बारा?"
मी घड्याळ पाहिलं. साडेसात.
तिनं पाव वर धरला, हसली,
खारट लोण्याचा बोटभर थर देऊन पुढं सरकवला.
बारा.

मग मीच सुटले बोट दाखवत.
घर? "ती."
कुत्रा? "की."
मी म्हटलं, ये की, आणि उंबऱ्यावरचा म्हातारा
खरंच उठून आला.
समुद्र?
खिडकीकडे न बघता ती म्हणाली, "मोर."

बाहेर ओहोटी लागली होती.
निळा म्हणावं तर हिरवा, हिरवा म्हणावं तर
वरून राखेचा हात फिरवलेला,
खडकाखडकातून पिसारा ओढून घेत
तो मागं मागं सरकत होता.

तांगी, तिचा भाचा, ट्रॅक्टरनं समुद्रशेवाळ नेतो.
तुमच्या टूथपेस्टमध्ये असतं हे, म्हणाला, आइस्क्रीममध्येसुद्धा.
आत्याची बोली?
"शिव्या येतात. आणि माशांची नावं.
बाबा घरात बोलत नसत."

दुसऱ्या रात्री वारा चढला, दिवे गेले.
अंधारात तिचं फ्रेंच आणखी सावकाश झालं.
शाळेत घरचा शब्द तोंडून निसटला
की गळ्यात लाकडी जोडा अडकवत. एकच, डाव्या पायाचा.
उतरवायचा तर दुसऱ्या कुणाला पकडून द्यायचं.
शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात, त्याला छड्या.
"चार वाजत आले होते. माझ्या गळ्यात होता.
गुलवेन पुढच्या बाकावर. सहा वर्षांचा.
त्याची पेन्सिल पडली.
मी हळूच विचारलं, आपल्या बोलीत,
सापडली का रे?
आणि त्याच्या उत्तराची वाट बघितली."

पुढं पन्नास वर्षं भाऊ तिच्याशी फ्रेंचच बोलला.
हवा, जाळी, घरपट्टी, आईचं शेवटचं दुखणं,
सगळं व्याकरणशुद्ध.
मग एका फेब्रुवारीत होडी आली नाही.
"ते बूट तांगीला होत नाहीत,"
ती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नळीत चिकटलेले शिंपले खरवडून काढले.
आकडा हलला. तीन मीटर बारा.
ती काठी टेकत धक्क्यापर्यंत आली होती.
मोर म्हणजे तुमच्याकडे काय, विचारलं तिनं.
मी दुरुस्तीच्या कागदामागं काढून दाखवला,
मान, तुरा, पिसाऱ्यावरचे डोळे.
डोळे जरा जास्तच झाले.
तिनं कागद लांब धरून पाहिला.
"ओरडतो?"
हो. पावसाच्या आधी.
"लांबून ऐकू येतं?"
हो, बरंच लांबून.
"मग बरोबर आहे," ती म्हणाली
आणि कागदाची घडी एप्रनच्या खिशात टाकली.

बसला वेळ होता. मी पेटी आवरत होते.
धक्क्याच्या टोकाला पाठमोरी उभी राहून
ती पाण्याशी काहीतरी बोलली, मोठ्यानं, तिच्या बोलीत,
पुष्कळ वेळ.
मला एकच शब्द कळला,
तोही चुकीचा.